विजू, तुला खो कुणी द्यायचा?

प्रिय विजू,

शुक्रवारची दुपार आहे. तुझ्या बैठकीत, तुझ्या फोटोखाली, चहाचे रिकामे कप पडलेत आणि सोफ्यावर उस्मानिया बिस्किटांचा चुरा. आत्ताच दोन पुरुष इथे बसून एकमेकांशी भांडून गेले. दोघांच्या भांडणाचा मुद्दा एकच होता: विजू असता तर काय म्हणाला असता?

म्हणून लिहितेय. मेलेल्या भावाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे, कळतं मला. पण तू जिवंत असताना तुझ्याशी बोलणं हाही त्याच जातीचा वेडेपणा होता. ऐकायचास कधी? मी इकडे घसा कोरडा करतेय आणि तू 'हौ ताई, हौ ताई' करत गुडघ्याला पट्टी गुंडाळतोयस!

शेवटी काय ठरलं ते सांगणार आहे. पण आधी मला तुझ्यावर मनसोक्त चिडून घेऊ दे. तू गेल्यापासून साठलंय.

तर गोष्ट अशी. तुझी केतकी सतरा वर्षांची झाली आणि खो-खो खेळते. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. गोवर येतो तसा तिला खो-खो आला. खांबाजवळ अंग झोकून सूर मारते तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसतात, 'विजू!' म्हणतात. मला तेव्हा अभिमान वाटायला हवा. मला धडकी भरते.

तिची राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झालीय. शिबिर रविवारी सकाळी सिकंदराबादला सुरू होतंय. पहिल्या दिवशी जी हजर नाही, तिचं नाव कटाप. आणि त्याच रविवारी, त्याच वेळी, हिमायतनगरच्या मैदानावर शहरातल्या मंडळांच्या स्पर्धेत आपल्या गौलीगुड्याच्या मुलींचा अंतिम सामना! देवानं आठवड्याला सात दिवस कशाला दिले असतील रे, सगळं जर रविवारीच करायचं होतं?

मैदानात उतरायला नऊ जणी लागतात. आपल्याकडे आहेत दहा, त्यातली एक लूनावरून पडून हात गळ्यात बांधून फिरतेय. केतकी गेली की उरल्या आठ. आठ जणींना पंच उभंही करणार नाहीत. न खेळताच कप समोरच्यांच्या घरी.

आणि या मुलींच्या विभागाची अध्यक्षा कोण, ओळख बरं? मी! मंडळाच्या दिवाळी अंकात मी कार्यकारिणीची यथेच्छ टर उडवली, तर त्यांनी शिक्षा म्हणून मला कार्यकारिणीतच घेतलं. लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायला याहून हमखास उपाय नाही. खेळाच्या मैदानावर जिनं आयुष्यात फक्त डबे पोचवले, ती आता शिट्टी गळ्यात घालून हिंडते.

मुलींचा संघ तरी का निघाला म्हणतोस? मुलगे उरले नाहीत म्हणून. सगळे पोट्टे क्रिकेटला गेले. उरलेले केबलवर क्रिकेट बघायला गेले. तुझ्या मैदानाच्या एका कोपऱ्यात आता एसटीडी बूथ आहे, दुसऱ्या कोपऱ्यात केबलवाल्याची छत्री, आणि गडी बसायचे त्या मधल्या पाटीवरून लोक स्कूटरी नेतात. देशावरची बंधनं उठली म्हणे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे परदेशी थंड पेयाची पेटी आली, त्याच पेयाचं नाव मुलींच्या बनियनवर आलं. चांगलं झालं की वाईट, देव जाणे. बनियन मात्र पहिल्या धुण्यात आटले.

पण तुझ्यावरची बंधनं कुठे उठली होती, विजू? तू तर ती हौसेनं अंगावर घेऊन फिरायचास.

तुला कारखान्यात नोकरी लागली ती खो-खोवर. यंत्रापुढे तू किती उभा राहिलास ते यंत्रालाच ठाऊक, पण कारखान्याच्या संघात तू हवाच. राज्याच्या संघात हवाच. आणि मंडळ? मंडळ तर घरचंच. कुणीही यावं, सायकल दाराला टेकवावी आणि विचारावं, 'विजू, रविवारी?' की आतून तुझा आवाज, 'येतो की!'

येतो की! या दोन शब्दांनी माझं डोकं उठवलंय आयुष्यभर. एकाच रविवारी तीन ठिकाणी 'येतो की' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निवडणुकीतले उमेदवारही जरा विचार करून कबूल करतात.

तुझं लग्न आठवतं? सकाळी तुला हळद लावली, मुहूर्त दुपारचा, आणि मधल्या वेळात नवरदेव गायब! आई देवघरात बसली, सुनंदाचे वडील उदगीरहून आलेले, ते मंडपात खांबासारखे उभे. तू कुठे? कारखान्याच्या सामन्याला, सिकंदराबादेत! परत आलास तो रिक्षातून, घामानं हळद ओघळलेली, आणि मागच्या रिक्षात तुझे सवंगडी, प्रत्येकाच्या पाठीवर तुझ्या हाताचा पिवळा पंजा. खो देताना उमटलेला. वऱ्हाड्यांनी ते पिवळे पंजे पाहिले आणि सगळा मांडव हसत सुटला. मीसुद्धा हसले. हसायला नको होतं.

कारण तू दुसऱ्यांदा पिवळा झालास तेव्हा कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कावीळ आहे, पडून राहा. डोळे हळदीच्या पाण्यासारखे. आणि तू काय केलंस? शनिवारी राज्याच्या निवड सामन्याला गेलास, रविवारी मंडळासाठी उतरलास, आणि मधल्या वेळात उसाचा रस प्यायलास! 'ताई, औषध म्हणूनच पितोय की.' मंडळाला वाटलं, राज्यासाठी खेळला, मग आम्ही काय पाप केलं? राज्याला वाटलं, मंडळासाठी खेळणार तर मग आमच्याकडे कुठे दुखतं? आणि तुला वाटलं, नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले सांगू? तिसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात आले. मंडळाचे एका बाजूच्या बाकावर, राज्याचे दुसऱ्या. तिथेसुद्धा त्यांनी तुझी वाटणी केली होती!

आणि तो कारखाना. तू गेलास आणि थोड्याच दिवसांत नवं वारं आलं. साहेबांच्या लक्षात आलं की पळणारी माणसं पगारावर ठेवायची काही गरज नाही. खेळाचा विभाग बंद. मग कारखान्याच्या सामन्यांसाठी ज्यांनी तुला तापातूनही उठवून नेलं होतं, त्यांनाच स्वेच्छानिवृत्ती मिळाली, म्हणजे ज्यात इच्छा कारखान्याची असते ती. त्यांतले दोघं परवा आबिड्सच्या बाजारात भेटले. 'विजू फार लवकर गेला हो.' मी म्हटलं, 'तुम्ही थोडे लवकर गेला असतात तर तो राहिला असता.' बोलले रे. माझी जीभ तुला माहितीय.

पण खरा राग यांपैकी कशाचा नाही. खरा राग आहे तो त्या खो-चा.

मंडळाची रीत तुला मी सांगायची म्हणजे कमालच. पण सांगते, कारण ती सगळ्या गौलीगुड्याला पाठ होती आणि तुला एकट्याला कधी समजली नाही. आपल्या जुन्या आबा मास्तरांनी पाडलेली रीत. मंडळाचा खेळाडू वरच्या संघात निघाला की जायच्या दिवशी पहाटे त्यानं मैदानात आपल्या नेहमीच्या चौकोनात जाऊन बसायचं. मग त्याच्या जागी जो खेळणार असेल, त्यानं मागून येऊन त्याच्या पाठीवर हात मारायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, 'खो!' पहिल्यानं उठायचं, जायचं. दुसऱ्यानं त्या चौकोनात बसायचं. झालं. त्यानंतर मंडळानं त्याला बोल लावायचा नाही आणि त्यानं मंडळाची काळजी करायची नाही. खेळात जे होतं तेच. जो खो देतो तो उठणाऱ्याच्या जागी बसतो. जागा रिकामी राहत नाही, म्हणून उठणारा मोकळा पळतो.

किती मुलं त्या रीतीनं गेली! कुणी रेल्वेत गेला, कुणी विद्यापीठाच्या संघात. आणि तू? 'मला कशाला खो? मी जातोय कुठे? मी इथेच आहे की!' तू एकदाही त्या चौकोनात जाऊन बसला नाहीस. तुला वाटायचं, खो घेतला म्हणजे मंडळ सोडलं. म्हणून तू मंडळातून उठला नाहीस आणि राज्याच्या संघात धड बसलाही नाहीस. आयुष्यभर आपला अर्धवट उकिडवा!

आणि तुझ्या जागी खेळायला कोण थांबला होता? बाळू देवकर. तुझा बाळू. बरोबरीचा दोस्त, मंडळाचा दहावा गडी. दर मोसमात त्याला सांगितलं जायचं, यंदा विजू राज्याकडे जाणार, तू तयार राहा. दर मोसमात तो बिचारा अंगावर तेल चोळून कडेला उभा. आणि तू धापा टाकत शेवटच्या क्षणाला हजर, 'आलो की!' आता पंखे दुरुस्त करतो आणि संध्याकाळी मुलींना शिकवतो. तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नाही. मला त्याचाही राग येतो. एवढा चांगुलपणा तब्येतीला बरा नाही.

तर आज दुपारी हाच बाळू सोफ्याच्या या टोकाला आणि राज्याचे प्रशिक्षक नरसिंगराव त्या टोकाला.

'ताई, पोरगी गेली तर आपण आठ. आठ!' बाळू म्हणाला.

'अम्मा,' नरसिंगराव माझ्याकडे वळून, 'मंडल-वंडल सब ठीक है. मगर स्टेट बोले तो स्टेट है ना!'

'स्टेटकू बच्चे कौन देता साब? हम देते. स्टेट हमकू क्या देता? ट्रॅकसूटबी वापस ले लेता!'

'वो रूल है.'

'हौ, रूल है. हमारा बच्चा तुम्हारा, तुम्हारा ट्रॅकसूट तुम्हारा!'

'विजय रहता तो खुद बोलता, जा बेटी, स्टेट पहले.'

'विजय रहता तो बोलता, पहले मंडळ!'

मी म्हटलं, 'विजय रहता तो दोघांनाही हो म्हणाला असता आणि बस चुकवली असती. बिस्किटं घ्या.'

 दोघांनी तुझ्या फोटोकडे पाहिलं. तू दोघांकडे बघून सारखाच हसत होतास. काय माणूस आहेस! मेल्यावर तरी एक बाजू घे!

केतकी दारात उभी होती, नखं कुरतडत. तिला विचारावं असं त्या दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मी विचारलं, 'तुझं काय म्हणणं आहे गं?'

आणि विजू, ती हसली. मान जराशी कलती करून. म्हणाली, 'सिंपल आहे ना आत्या. येते की! दोन्हीकडे. सकाळी हिमायतनगरला पहिला डाव खेळते, मग बाळूकाकाच्या स्कूटरवर सीधा सिकंदराबाद. सरांना बोलायचं, बस पंक्चर झाली. टेन्शन नक्को घेऊ.'

येते की! अगदी तुझ्या आवाजात, तुझ्या मानेसकट!

दोघेही खूश झाले, तेवढ्यावरच. नरसिंगराव म्हणाले, 'पंक्चर ठीक है, मैं अ‍ॅडजस्ट करता.' बाळू म्हणाला, 'स्कूटरमधे पेट्रोल भरून ठेवतो.' त्या पोरीची पुढची सगळी फरफट एका वाक्यात ठरून गेली. मला बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलता येईना. नुसतं दिसत होतं ते दवाखान्यातलं बाक. दोन बाकं.

तेव्हा सुनंदा आतून आली. हातात मेथीची जुडी, निवडता निवडता उठलेली. ती कधी मधे बोलत नाही, तुला माहितीय. ती म्हणाली, 'ही रविवारी शिबिराला जाईल. एकाच ठिकाणी. नववी मी बसते.'

बाळूला वाटलं, ती पंगतीबद्दल बोलतेय. 'कुठे बसता वहिनी?'

'मैदानात. चौकोनात. खुला गट आहे ना? आणि मंडळाची सभासद आहे मी. दर वर्षी हळदीकुंकवाला पन्नास बायकांची भेळ माझ्याकडूनच करून घेता.'

'अहो पण वहिनी, खो-खो आहे ते…'

'माहितीय. उदगीरला शाळेच्या संघात होते. खांबाजवळची जागा माझी.'

मी उडाले. 'सुनंदा! हे कधी बोलली नाहीस!'

'विचारलं कुणी?' मेथीचं एक पान खुडत ती म्हणाली. 'या घरात एकच खेळाडू मावत होता. वन्सं, तुम्ही इतकं जगाबद्दल लिहिता, तुम्हीसुद्धा नाही विचारलंत.'

घे! माझी बोलती दुसऱ्यांदा बंद. एका दुपारी दोनदा म्हणजे हा आपल्या घराण्यातला विक्रम असेल.

तू तरी विचारलं होतंस का रे? इतकी वर्षं ती तुझ्या गुडघ्याच्या पट्ट्या धुवायची. पट्टी कशी गुंडाळावी हे तुझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं, आणि तू तिला सांगायचास, 'असं नाही, उलटं गुंडाळ.'

बाळूनं घसा साफ केला. 'वहिनी, पळवेल का आता?'

'नाही पळवणार. हरू. पण नऊ जणी बसून हरू. समोरच्यांना कप हवा तर पळून घ्यावा लागेल.'

मग केतकीचा चेहरा पडला. तिला यात काही आनंद झाला नाही. ती रागानंच म्हणाली, 'म्हणजे मला काढलं? तू माझ्या जागेवर बसणार आणि मी मंडळाची नाही राहणार?'

सुनंदानं जुडी टेबलावर ठेवली. 'तुझ्या बापालाही असंच वाटायचं. पाठीवर हात पडला की त्याला वाटायचं, हाकलतायत. अगं, कुणीतरी जागा धरतंय तिथे. खो घे आणि जा. परत आलीस की मला उठव. मी काही हौसेनं बसत नाहीये, गुडघे दुखतात माझे.'

पोरगी रडली थोडी. मग म्हणाली, 'आई, साडीत नको खेळू हां.' तेव्हा कळलं, जातेय ती.

नरसिंगराव दुसरा चहा संपवून उठले. दारात थांबून सुनंदाला म्हणाले, 'अम्मा, कॅम्प नहीं होता तो मैं आपका मॅच देखने जरूर आता.' बरा माणूस आहे. ट्रॅकसूट परत घेतो, एवढंच.

बाळू मात्र रेंगाळला. चपला घातल्या, काढल्या. मग तुझ्या फोटोपाशी गेला. मला वाटलं, हार सरळ करतोय. त्यानं भिंत आणि चौकट यांच्यामधे हात घातला, तुझ्या पाठीशी, आणि हळूच म्हणाला, 'खो.'

विजू, इतकी वर्षं तयार होऊन कडेला उभा राहिलेला माणूस. अखेर त्याची पाळी आली.

सुनंदा मागून म्हणाली, 'भावोजी, मोठ्यानं म्हणा. ऐकू नाही गेला तर फाऊल.'

मग तो असा काही ओरडला की समोरच्या रेड्डीबाई गॅलरीत धावत आल्या, 'क्या हुआ, क्या हुआ?' म्हणत. 'कुछ नहीं,' मी म्हटलं, 'हमारे भाई का थोडा काम बाकी था.' चौकट तिरकी झालीय. मी सरळ केली नाही.

हे सगळं मी निर्धास्त लिहितेय, कारण तुझी लेक हे वाचणार नाही. तिचं मराठी वाचन मिठाईच्या दुकानाच्या पाटीपर्यंत येऊन थांबतं. ती बोलते ते मराठी तरी आहे का, यावर मंडळात दोन तट आहेत. पण परत आली की मीच तिला वाचून दाखवीन. चिडलेल्या जागा वगळून. म्हणजे फारसं काही उरणार नाही म्हणा.

आता वचन देते आणि थांबते. रविवारी पहाटे मी आपल्या मंडळाच्या मैदानावर असेन, शिट्टीसकट. केतकी आपल्या चौकोनात बसेल, सुनंदा तिच्या पाठीवर हात मारेल, आणि केतकी उठून सिकंदराबादच्या बसकडे चालू लागेल. एकदा उठून दिशा धरली की मागे फिरायचं नाही, हा तुमच्याच खेळाचा नियम. तिनं फाटकापाशी वळून बघितलं, 'येते की' म्हणायला तोंड उघडलं, की मी शिट्टी फुंकेन. आणि कुणी मंडळाचा असो की राज्याचा, 'विजू असता तर' असं म्हणत दारात आला, तर त्याला चहा मिळणार नाही. बिस्किटं तर नाहीच नाही.

तुझ्या जागेची काळजी करू नकोस. ती भरलीय. बाळूनं खो दिलाय, मोठ्यानं, रेड्डीबाईंच्या साक्षीनं.

ऊठ आता, विजू.

अजून पुरती न निवळलेली,
तुझी ताई